पोटातल्या निखाऱ्याचा वसा

ऐका अगिनाई, पोटातल्या आई, तुझी कहाणी.

आटपाट नगर होतं. त्या नगरात कुणाला भूक म्हणून लागत नसे, कारण भूक लागायच्या आधीच पान मांडलेलं असे. तिथं एक राजा होता. तो मुलुखगिरीवर गेला होता. मागं त्याची राणी गिरजा होती, मुलगा जयवंत होता, सून तुळजा होती. गिरजाराणीची ख्याती मोठी. कशाची? तर आग्रहाची. तिच्या पंगतीतून पाहुणा आपल्या पायांनी उठत नसे, त्याला दोघांनी धरून उठवावं लागे. हात आडवा धरला तर ती हातावर वाढी. पानावर ओणवा झाला तर बाजूनं वाढी. "माझ्या घरून कुणी पोटात जागा ठेवून गेलं नाही," असं ती चारचौघींत सांगे, आणि चारचौघी माना डोलवीत.

त्या घरची आणखी एक रीत होती. ती मात्र कुणी चारचौघींत सांगत नसे. सुनेनं सगळ्यांच्या मागून जेवायचं. आधी पाहुणे, मग पुरुष, मग मुलं, मग म्हाताऱ्या, मग सासू. मग खरकटं काढायचं, मग शेण फिरवायचं, मग सून. तोवर भात गार होई, आमटीवरचं तेल गोठे, भूक दारात उभी राहून राहून निघून जाई. तुळजा गिळायचं म्हणून गिळी. मग दुपारभर छातीत जळजळ, तोंडाला आंबट पाणी.

ती म्हणायची, "सासूबाई, मला आधी भूक लागते हो."

सासू म्हणायची, "आम्हांला काय लागत नव्हती? आम्ही मेलो नाही."

मेला नाहीत एवढीच का बढाई, असं तुळजाच्या ओठांवर येई. ती दात आवळून घेई. पण डोळे आवळता येत नाहीत. सासूला ते दिसत, आणि सासू म्हणे, "बघते कशी बघा. भट्टीच जशी."

त्या वाड्यातली चूल राजाच्या पणज्यानं पेटवलेली होती. ती कधी विझली नव्हती. रोज निखारे राखेत झाकायचे, सकाळी उकरून पुन्हा फुलवायचे, आणि ते काम फक्त घरच्या थोरल्या बाईनं करायचं. गिरजाराणी त्या चुलीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे.

एके दिवशी काय झालं? मोठी पंगत बसली होती. एक म्हातारी आली. तिच्या लुगड्याला धुराचा वास, हात ऊन ऊन. ती पंगतीत बसली, पोळी खाल्ली, वरणभात खाल्ला, ताक प्याली, समाधानानं हात आखडला.

राणी पोळी घेऊन आली. "घ्या आजी."

"पुरे बाई. भुकेपुरतं झालं."

राणी पुढं गेली, परत फिरली. "एवढ्याशा पोळीनं काय होतंय? घ्या हो."

"नको बाई. झालं."

राणी तिसऱ्यांदा आली. तिच्या कपाळाला आठी पडली होती. "माझ्या हातची म्हणून नको का? की माझ्या घरात काही कमी दिसलं? घ्या, तुम्हांला माझी शपथ आहे." आणि तिनं उत्तराची वाट न बघता पानात पोळी टाकली, वर वाटीभर तूप ओतलं.

म्हातारी उठून उभी राहिली. पंगत थबकली. राणीच्या पंगतीतून पान टाकून आजवर कुणी उठलं नव्हतं.

"माजलेली आहे," राणी म्हणाली. "जा. पुन्हा या दारी येऊ नकोस."

म्हातारी मागच्या दारानं निघाली. वाटेत स्वयंपाकघर लागलं. तिथं तुळजा भिंतीला टेकून बसली होती, पोटाशी गुडघे घेऊन.

"पोरी, तुझी भूक कधीची?"

"सकाळची होती. आता मेली."

म्हातारीनं उसासा टाकला. "पुढच्या घरात मला ढिगाऱ्याखाली पुरतात. मागच्या घरात मला उपाशी मारतात. मग मी राहू कुठं?" असं बोलली आणि गेली.

ती गेली ती एकटी गेली नाही. नगराची भूक घेऊन गेली. गोठ्यात बैल गव्हाणीशी उभा, पण वैरणीला तोंड लावीना. तान्हं मूल पदराखाली घेतलं तर तोंड फिरवी. भिकाऱ्याच्या झोळीत भाकरी पडे, तो ती तशीच घेऊन बसे. वाड्यातली चूल धुमसायला लागली, नुसता धूर. आणि राजपुत्र जयवंत अंथरुणाला खिळला. पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं, जिभेवर पांढरा थर आला, अन्न बघितलं की उमळून येई.

वैद्य आले. नाडी बघितली, जीभ बघितली, पोटावर दोन बोटं वाजवली. म्हणाले, "राणीसरकार, यांचा अग्नी मंदावला आहे. आधीचंच जिरलेलं नाही. जेवण बंद ठेवा, सुंठीचं पाणी द्या. अग्नी मागेल तेव्हाच द्यायचं."

राणी म्हणाली, "माझ्या घरात, माझा मुलगा, उपाशी? लोक काय म्हणतील?" तिनं वैद्यांना शेला दिला, श्रीफळ दिलं, वाटेला लावलं. त्यांनी दिलेली सुंठीची पुडी बासुंदीत कालवली आणि मुलाला बासुंदी पाजली. जयवंत आणखी खचला.

मग गोतातल्या थोरल्या बायका जमल्या. म्हणाल्या, "जीवघास द्या." ती त्या घरची जुनी रीत. माणूस हाती लागत नाही असं वाटलं की एकेका सवाष्णीनं पुरणाचा घास तुपात बुडवून त्याच्या तोंडात घालायचा, म्हणजे जीव शरीरात अडकून राहतो. पहिला जीवघास झाला. जयवंतानं सगळं ओकलं. बायका म्हणाल्या, "तूप कमी पडलं." दुसरा जीवघास झाला. जयवंताचे डोळे वर गेले, पाय गार पडले. बायका म्हणाल्या, "तिसरा लागू पडतो. तो सकाळी देऊ."

तुळजा दारात उभी होती. तिनं ओळखलं, तिसऱ्या घासाला हा जाणार.

ती म्हणाली, "अहो, त्यांना नको आहे. दिसत नाही का तुम्हांला?"

सासू म्हणाली, "तुला काय कळतं?"

त्यांतली जयवंताची आत्या म्हणाली, "चार बुकं शिकलेली सून आणली की हे असंच."

तुळजानं वाद घातला नाही. तिला म्हातारीचे शब्द आठवले. तिनं पदर खोचला आणि मागच्या दारानं, धुराचा वास घेत, पळत सुटली.

गावाबाहेर कुंभाराची भट्टी होती. वरून विझलेली, आतून धग असलेली. म्हातारी तिला पाठ टेकून बसली होती. तुळजानं तिचे पाय धरले.

"तू कोण आहेस ते मला कळलं. परत चल."

"कोण आहे मी?"

"पोटातली अगिनाई. तू गेलीस आणि माझा नवरा मरतो आहे."

म्हातारी म्हणाली, "मी निखाऱ्याएवढी. मला ओंडका घातला तर मी घुसमटते, काडीही नाही घातली तर राख होते. माझा एक वसा आहे. तो घेशील? ठासशील, ताटकळशील, घेतला वसा टाकून देशील."

"ठासणार नाही, ताटकळणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. सांग."

"तर ऐक. भूक लागल्याशिवाय पान मांडू नये. भूक लागल्यावर पान अडवू नये. जेवणाआधी आल्याचा पातळ काप, त्यावर सैंधव, त्यावर लिंबाचा थेंब, एवढं चावावं. ती माझी काडी. पोटाचे चार वाटे करावे, दोन अन्नाला द्यावे, एक पाण्याला, एक वाऱ्याला मोकळा ठेवावा. रागात जेवू नये, रडत जेवू नये. शेवटी ताक घ्यावं, त्यात भाजलेलं जिरं आणि हिंगाची चिमूट. मग शतपावली करावी, लगेच आडवं होऊ नये. पोट फुगलं तर ओवा चावून वर कोमट पाणी घ्यावं. आणि मी विझत आले असेन तर घाई करू नये. आधी सुंठीचं पाणी, घोट घोट. मग मी मागेन तेव्हा पेज. मग मुगाचं कढण. मग मऊ भात. मग जेवण. एवढंच."

"एवढंच?"

"एक राहिलं. वाढणाऱ्यानं वाढण्याआधी विचारावं, भूक आहे का? किती वाढू? आणि जे उत्तर येईल ते खरं मानावं."

तुळजा उठली. "चल मग."

"मी अशी येणार नाही. मला तुझ्या सासूनं हाकललं, तिनंच बोलवायला हवं. तिनं एकदा, आपल्या मनानं, विचारायला हवं. तू सांगितलंस म्हणून विचारलं तर मी येणार नाही. तू भांडून विचारायला लावलंस तरी येणार नाही."

तुळजा म्हणाली, "मग तो मेलाच म्हणायचा. ती बाई जन्मात कुणाला विचारणार नाही. तुला तिचा स्वभाव ठाऊक नाही."

"तुला तरी कुठं ठाऊक आहे?" म्हातारी म्हणाली, आणि भट्टीकडे तोंड करून बसली.

तुळजा धावत परत आली. सकाळचं ऊन अंगणात उतरलं होतं. जयवंताच्या खोलीबाहेर बायका पुरणाची ताटं घेऊन बसल्या होत्या. तुळजा उंबऱ्यावर आडवी बसली.

"आज घास नाही," ती म्हणाली. "आज फक्त सुंठीचं पाणी."

एकच कालवा झाला. "नवऱ्याला उपाशी मारतेस?" "उंबऱ्यावर बसते, अवलक्षण." "हिला माहेरी धाडा."

गिरजाराणी पुढं आली. तिचं तोंड उतरलं होतं, पण आवाज चढाच होता. "ऊठ."

"मला ओलांडून जा. सुनेला ओलांडून मुलाच्या तोंडात घास घाला, आणि मग जे होईल ते सासरेबुवांना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

राणी थांबली. दुसरा घास तिनंच भरवला होता. मुलाचे डोळे वर गेलेले तिनंच बघितले होते.

"ठीक आहे," ती म्हणाली. "सूर्य मावळेपर्यंत. तेवढ्यात त्यानं आपल्या तोंडानं अन्न मागितलं तर तुझं खरं. नाही मागितलं तर मी माझ्या हातानं घास भरवीन, आणि तू या घरातून नेसत्या लुगड्यानिशी जाशील."

"जाईन," तुळजा म्हणाली.

मग ती सुंठ उगाळायला बसली. पाणी तापवायला स्वयंपाकघरात गेली, तर चूल विझत आलेली. राणी चुलीपुढं गुडघ्यांवर बसली होती. डोळ्यांतून धुराचं पाणी वाहत होतं. बाजूला मोठमोठे ओंडके पडले होते. राणीनं एकही चुलीत घातला नाही. आधी तिनं चुलीतलं अर्धवट जळलेलं जाड लाकूड बाहेर ओढलं. मग राख हलकेच बाजूला सारली. तळाशी एक निखारा होता, बोरीच्या बीएवढा. तिनं त्यावर वाळल्या गवताची काडी ठेवली. फुंकर घातली, तीही मोठी नाही, बाळाच्या डोळ्यांत घालावी तशी. थांबली. पुन्हा काडी. पुन्हा थांबली.

तुळजाच्या जिभेवर शब्द आले. तिनं जीभ चावली. सांगायचं नव्हतं, भांडायचं नव्हतं. चुलीबद्दल विचारायला मात्र कुणी बंदी केली नव्हती.

"सासूबाई, एवढे ओंडके आहेत. एखादा का नाही टाकत?"

"वेडी का तू?" सासू मान वर न करता म्हणाली. "या एवढ्याशा निखाऱ्यावर ओंडका? जागच्या जागी विझेल. आधी बघावं लागतं, तो काडी घेतो का. घेतली तर दुसरी. नाही घेतली तर वाट बघायची."

असं ती बोलली आणि तिची फुंकर मध्येच थांबली. निखाऱ्याकडे बघत ती तशीच बसून राहिली. तुळजा श्वास रोखून उभी होती. आता बोलेल, आता बोलेल. पण सासू खेकसली, "उभी काय आहेस? भांडं आण तुझं." आणि चुलीत आणखी एक काडी घातली.

दुपार झाली. तुळजा चमच्यानं सुंठीचं कोमट पाणी जयवंताच्या ओठांशी नेई. एक घोट जाई, एक बाहेर येई. तिनं ओव्याची पुरचुंडी शेकून पोटावर फिरवली. पोट ताठ ते ताठ. बायका बाहेर बसून पुरणावरच्या माशा वारत होत्या आणि पडलेल्या आवाजात तुळजाच्या माहेरची उणीदुणी काढत होत्या. ऊन जरा कलल्यावर जयवंताला एक ढेकर आला. मग दुसरा. पोट हाताला किंचित मऊ लागलं. पण तो डोळे मिटून पडून राहिला. अन्न मागितलं नाही. तुळजा त्याच्या कानाशी वाकली, "अहो, मागा ना काहीतरी," असं अगदी ओठांवर आलं, आणि तिनं ते गिळलं. शिकवून लागलेली भूक काय कामाची?

ऊन भिंतीवर चढलं. मग भिंतीवरून कौलांवर गेलं. मग कौलांवरूनही निघालं. जयवंतानं अन्न मागितलं नाही.

सूर्य मावळला.

बायका उठल्या. ताटं उचलली. आत्या म्हणाली, "चल हो बाजूला." तुळजा उठली. बोलल्याप्रमाणे बाजूला झाली. तिनं हात पदरात गुंडाळले. गिरजाराणी आत आली. तिनं ताटातला पुरणाचा घास घेतला, तुपात बुडवला, मुलाच्या उशाशी बसली. तूप तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

जयवंतानं डोळे उघडले. आईच्या हाताकडे बघितलं. त्याला हात वर करायचंही बळ नव्हतं. त्यानं फक्त ओठ घट्ट मिटले.

राणीचा हात त्याच्या तोंडाशी थांबला. तिच्या बोटांना अजून चुलीची राख लागलेली होती. ती त्या राखेकडे बघत राहिली. आत्या मागून म्हणाली, "घाला ना हो वहिनी, वेळ जातोय." राणीनं ऐकलं नाही. तिनं घास परत ताटात ठेवला आणि हात पदराला पुसला.

"बाळा," ती म्हणाली. आवाज तिचा वाटेना. "भूक आहे का रे तुला?"

सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या घरात हा प्रश्न कुणी ऐकला नव्हता.

जयवंतानं डोळे मिटले. आत कुणाला तरी विचारून येत असावा तसा. मग म्हणाला, "आहे. थोडीशी."

"किती देऊ?"

"चमचाभर."

राणीला रडू फुटलं. सगळं नगर जेवू घालणाऱ्या बाईला चमचाभराचं उत्तर मिळालं, आणि तिनं ते खरं मानलं. "तुळजा," तिनं हाक मारली, "पेज आण. चमचाभरच आण."

तुळजानं पेज आणली, जिरं घातलेली, सैंधव घातलेली, पातळ. जयवंत ती प्याला. थोड्या वेळानं म्हणाला, "अजून चमचाभर." स्वयंपाकघरात चूल भपकन पेटली. गोठ्यात बैलानं वैरणीला तोंड घातलं. गावभर तान्ही मुलं रडायला लागली, भुकेनं, आणि आयांना ते रडणं गाण्यासारखं वाटलं.

मग पेजेवरून कढण, कढणावरून मऊ भात, मऊ भातावरून जेवण. जयवंत हिंडूफिरू लागला. राणीनं पंगत बोलावली. पानापानावर आल्याचे काप होते. राणी पोळी घेऊन फिरत होती आणि विचारत होती, "भूक आहे का? किती वाढू?" लोकांना आधी वाटलं, राणीचं बिनसलं. मग अर्धी अर्धी सांगू लागले. त्या दिवशी पाहुणे आपल्या पायांनी उठले.

पंगत झाली. तुळजा खरकटं काढायला वाकणार, तर तिला चुलीशी सासू दिसली. राणी एकटीच बसली होती, सवयीनं, मागचं उरलंसुरलं आपल्या पानात घेत.

तुळजानं तिच्या पुढचं पान ओढून बाजूला केलं. नवं पान मांडलं. तव्यावर भाकरी टाकली.

"सासूबाई, भूक आहे का? किती वाढू?"

 राणीची सासू होती, आई होती, नवरा राजा होता. पण आजवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं. ती नवी नवरी होऊन आली तेव्हापासून गार जेवत आली होती. स्वतःची भूक कशी असते हेच ती विसरली होती, म्हणून दुसऱ्याची तिला दिसत नव्हती. तिनं पोटावर हात ठेवला. आत कुठंतरी काहीतरी हललं.

"आहे गं," ती म्हणाली. "एक भाकरी. पण गरम. आणि तूही बस माझ्याबरोबर. तुला कधीची लागली असेल."

"सकाळची," तुळजा म्हणाली. "पण आज मेलेली नाही."

दोघी बसल्या. पहिला घास घेणार, तोच मागच्या दारी कडी वाजली. धुराच्या वासाचं लुगडं, ऊन ऊन हात. म्हातारी उंबऱ्यात उभी होती.

राणी उठली. पाय धरायला वाकली नाही, माफीचं लांबण लावलं नाही. तिनं तिसरं पान मांडलं आणि विचारलं, "आई, किती वाढू?"

म्हातारी हसली आणि बसली. ती अजून त्या घरातून उठलेली नाही.

जशी अगिनाई गिरजाराणीच्या घरी परत आली, तशी तुमच्याआमच्या घरी येवो. ऐकणाऱ्या बायांनो, आज हा वसा घेतला असेल तर त्याचं उद्यापन सोपं आहे, आणि तेच अवघड आहे. जिनं रांधलं तिनं पंगतीत बसावं, गरम जेवावं. कुणी वाढील म्हणून वाट बघू नये, कुणी रागावेल म्हणून मागं सरू नये. ही साठ घासांची कहाणी पाच घासांत, वाऱ्यापुरता एक वाटा मोकळा ठेवून, सुफळ संपूर्ण.